नाव कोणी ठेवायचे? : भाषा आणि सामाजिक वास्तव

भाषा हे विचार व्यक्त करण्याचे साधन आहे, ही व्याख्या आपण शाळेपासून पाठ करीत आलो आहोत. या व्याख्येत एक गृहीत दडलेले आहे. आधी वस्तू असते, मग तिचा विचार मनात येतो आणि शेवटी त्या विचाराला शब्द मिळतो, असा तो क्रम. शब्द सर्वांत शेवटी येणारा, म्हणून सर्वांत कमी महत्त्वाचा. पोत्यावर लावलेल्या चिठ्ठीसारखा. चिठ्ठी बदलली म्हणून पोत्यातले धान्य बदलत नाही. हे गृहीत इतके अंगवळणी पडले आहे की शब्दासाठी कोणी भांडू लागला की 'नावात काय आहे?' असे म्हणून त्याला गप्प करता येते. हा प्रश्न बहुधा ज्याचे नाव सुरक्षित आहे तोच विचारतो, ही गोष्ट मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

१९३८ च्या जानेवारी महिन्यात मुंबई विधानसभेत असाच एका शब्दावरून तंटा झाला. खेर मंत्रिमंडळाने लोकल बोर्डांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले होते. त्यात अनुसूचित जातींसाठी 'हरिजन' हा शब्द योजला होता. त्याला विरोध करण्यासाठी उभे राहिले ते नाशिक जिल्ह्याचे, दिंडोरी तालुक्यात जन्मलेले भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड. स्वतंत्र मजूर पक्षाचे ते सभासद. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता : अस्पृश्य हे देवाचे लोक असतील, तर स्पृश्य कोणाचे? राक्षसांचे समजायचे काय? आणि गोड नाव दिल्याने कोणाची स्थिती सुधारत नसते. बाबासाहेबांनीही या शब्दाला विरोध केला. सरकारपक्षाने बहुमताच्या जोरावर आपलेच खरे केले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला.

या युक्तिवादात वरवर पाहता एक विसंगती आहे. गोड नावाने स्थिती सुधारत नसेल, तर ते नाव राहिले काय आणि गेले काय, सभात्याग करण्याइतके त्यात काय होते? आणि नावाने काही बिघडते असे म्हणायचे असेल, तर नावाने काहीतरी घडते हे मान्य करावे लागेल; मग चांगल्या नावाने चांगले का घडू नये? चळवळीतील तरुण मित्र आजही हा पेच निराळ्या शब्दांत आपल्यापुढे टाकतात. "दलित म्हणायचे की बौद्ध की आंबेडकरी, यात किती वर्षे घालवणार? जमीन, नोकरी, शिष्यवृत्ती यांचे काय ते बोला." पेच खरा आहे. तो सोडवायचा तर भाषा आणि वास्तव यांचा संबंध मुळातून तपासावा लागतो.

नाशिकला गोदावरीला गंगा म्हणतात. 'गंगेवर जाऊन येतो' असे म्हणणारा माणूस रामकुंडाकडे निघालेला असतो. नदीला गोदावरी म्हणा, गंगा म्हणा. पाणी त्र्यंबकच्या डोंगरातून निघून पूर्वेकडेच वाहणार. उद्या माणसे नाहीशी झाली, नाव घेणारे तोंडच उरले नाही, तरी नदी राहील. डोंगर, दगड, ताप, भूक या गोष्टी या जातीच्या आहेत. (येथेही 'जात' हा शब्द लेखणीतून सुटला. मराठीत 'प्रकार' म्हणायचे तरी जात आडवी येते.) पण ज्या जातीने आपले जीवन व्यापले आहे ती अशी आहे काय? माणसे नाहीशी झाली, माणसांना माणसांनी हाक मारणे थांबले, तर जात कोठे उरेल? कोणत्या खडकात सापडेल?

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्तात भगवान बुद्धांनी हाच भेद दाखवला आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी, मासे यांच्यात जन्मतःच निरनिराळ्या खुणा असतात. माणसांच्या केसांत, कानांत, डोळ्यांत, हातापायांत तशी जातीची खूण नाही. माणसामाणसांतला भेद हा व्यवहारातल्या नावाचा भेद आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेला हा विचार आहे आणि त्याच्याइतके स्पष्ट विधान त्या काळच्या इतर विचारांत सापडणे कठीण. परंतु या विचाराचा एक सोयीस्कर विपर्यास केला जातो. जात हे नुसते नाव आहे, म्हणजे ती खोटी आहे; खोटी आहे, म्हणजे तिचा उच्चार थांबवला की ती संपली. 'आम्ही जात मानत नाही' असे म्हणणाऱ्या सुशिक्षितांची सारी भिस्त या विपर्यासावर असते. नावाने निर्माण झालेली गोष्ट खोटी असते काय, हे पाहण्यासाठी आपण देवळापासून थोडे दूर, नाशिकरोडला जाऊ.

नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जात आहेत. तेथे जे तयार होते ते कागद आणि शाई. त्या कागदाने पोट भरत नाही, अंग झाकत नाही. पण त्यावर धारकाला अमुक रुपये देण्याचे वचन छापलेले असते आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. त्या एका वाक्यावर विसंबून बाजार चालतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून काही वाक्ये उच्चारली आणि मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजाराच्या तेव्हाच्या नोटा चलनातून बाद झाल्या. त्या रात्री कोणाच्याही ट्रंकेतला कागद बदलला नव्हता, शाई फिकी पडली नव्हती. अधिकार असलेल्या एका माणसाने काही म्हटले, एवढेच घडले होते. मग बँकांपुढे रांगा लागल्या, मजुरी थकली, ठरलेली लग्ने अडली. शब्दाने झालेली गोष्ट आहे म्हणून ती खोटी, असे त्या रांगेत लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला सांगून पाहावे.

इंग्रज तत्त्वज्ञ ऑस्टिन याने १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत असे दाखवून दिले की, सगळीच वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. काही वाक्ये उच्चारणे हीच कृती असते. 'मी वचन देतो', 'मी ही सभा सुरू झाल्याचे जाहीर करतो' ही वाक्ये खरी की खोटी असे विचारता येत नाही. ती पाळली की मोडली, बोलणाऱ्याला तसे बोलण्याचा अधिकार होता की नव्हता, असे विचारावे लागते. पुढे सर्ल या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात हा विचार समाजाला लावला. पैसा, विवाह, मालमत्ता ही त्याची उदाहरणे. या वस्तू आपण सर्वांनी मिळून तशा मानल्या म्हणून अस्तित्वात आहेत, असे तो सांगतो.

या 'आपण सर्वांनी' पाशी आपल्याला थांबले पाहिजे. अस्पृश्यतेला मान्यता देणाऱ्या 'सर्वां'मध्ये अस्पृश्य होते काय? जोहार घालणारा महार वाकत होता हे खरे. पण न वाकल्यास काय होईल हे त्याला ठाऊक होते. पाणी बंद, बलुते बंद, वाट बंद. बहिष्काराची भीती घालून काढलेल्या होकाराला मान्यता म्हणायचे असेल, तर सुरा दाखवून घेतलेल्या सहीलाही करार म्हणावे लागेल. पाश्चात्त्य तत्त्वज्ञाने आपल्याला येथवर आणले याबद्दल आपण त्याचे ऋणी असावे. पुढची वाट आपली आपल्याला काढायची आहे.

आता खरा प्रश्न येतो. २६ जानेवारी १९५० रोजी आपल्या संविधानातील अनुच्छेद १७ अमलात आला. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे तो सांगतो. हेही वर्णन करणारे वाक्य नाही. वर्णन म्हणून वाचले तर ते त्या दिवशी धडधडीत असत्य होते. ते कृती करणारे वाक्य आहे, नोटा रद्द करणाऱ्या वाक्यासारखेच. आणि अधिकार म्हणाल तर पंतप्रधानांच्या भाषणापेक्षा किती तरी मोठ्या अधिकाराने उच्चारलेले. मग २०१६ चे वाक्य एका रात्रीत लागू पडले आणि १९५० चे वाक्य सात दशके उलटून गेल्यावरही खेड्यातल्या पाणवठ्यापाशी अडते, याचे कारण काय?

नोट काढणारा एकच असतो. ज्याने काढली त्याने ती मागे घेतली की संपले. जातीची नोट काढणारा असा एक कोणी नाही. प्रत्येक ओटा, प्रत्येक स्वयंपाकघर, प्रत्येक लग्नाची बोलणी हा तिचा छापखाना आहे. दिल्लीत नोट बाद झाली तरी हे छापखाने चालू राहतात आणि तेथे छपाई होते ती बोलण्यातून. 'आडनाव काय म्हणालात?' 'मूळ गाव कोणते?' 'पाहुणे कोठले?' 'आमच्यात चालत नाही, तुमच्यात चालत असेल.' भाड्याने खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला आज कोणी जात विचारीत नाही. 'व्हेज आहात ना?' एवढेच विचारतात. यातले एकही वाक्य पोलिसात नोंदवण्याजोगे नाही. पण प्रत्येक वाक्यासरशी ती जुनी नोट पुन्हा वटते. दुसरी गोष्ट अशी की बाद झालेली नोट हातात ठेवणाऱ्याचे नुकसान होते, म्हणून तो धावत बँकेत जातो. जातीची नोट ज्याच्या हातात आहे त्याला ती अजूनही फायद्याची आहे. तो ती जमा करायला कशाला येईल?

नाशिकरोडच्या छापखान्यापासून जवळच विहितगाव आहे. बाबुराव बागूल तेथे १९३० साली जन्मले. त्यांच्या १९६३ सालच्या कथासंग्रहाचे नाव 'जेव्हा मी जात चोरली होती'. या नावातल्या क्रियापदाकडे पाहावे. माणूस दुसऱ्याची वस्तू चोरतो. स्वतःची जात सांगितली नाही, तर ती 'चोरली' असे मराठी भाषा का म्हणते? कारण ती माहिती समाजाची मालमत्ता मानलेली आहे. तुम्ही कोण हे जाणण्याचा हक्क गावाचा. ते दडवणे म्हणजे गावाच्या मालकीवर डल्ला. कथेतल्या नायकाला मार बसतो तो या चोरीबद्दल. एका क्रियापदात एवढी समाजव्यवस्था भरलेली आहे आणि बागुलांनी तिच्यावर भाष्य न करता ती फक्त मुखपृष्ठावर नेऊन ठेवली.

कायद्यालाही आता हे कळले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून जाणूनबुजून केलेला अपमान हा गुन्हा ठरवला आणि जातिवाचक शिवीगाळीचा स्वतंत्र उल्लेख पुढे २०१५ च्या दुरुस्तीने आला. म्हणजे शब्द ही कृती आहे, हे ऑस्टिनचे म्हणणे आपल्याकडे भारतीय दंडव्यवस्थेत उतरले. अट अशी की तो प्रकार लोकांच्या दृष्टीसमोर घडला पाहिजे. घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेल्या अपमानाला ही अट लागू पडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एका निकालात म्हटले. कायद्याची मर्यादा समजण्यासारखी आहे. पण जातीचे छापखाने बहुतेक चार भिंतींच्या आतच आहेत.

शब्दाला अर्थ येतो कोठून, या प्रश्नावर आपल्या देशात फार जुना वाद आहे. मीमांसकांचे म्हणणे, शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, कोणी निर्माण केलेला नाही. बौद्ध तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग याने ते नाकारले. त्याच्या मते शब्द आपला अर्थ इतरांना वगळून सांगतो. 'गाय' म्हणजे गाय नसलेले जे जे काही ते बाजूला सारून उरते ते. याला अपोहवाद म्हणतात. तर्कशास्त्राच्या वर्गात तो रूक्ष वाटतो. पण मराठी खेड्यात नेऊन पाहिला की त्याच्यात जीव येतो. 'स्पृश्य' हा शब्द घ्या. ज्याला स्पर्श करता येतो तो स्पृश्य. या अर्थाने दगडही स्पृश्य आणि म्हैसही. पण अस्पृश्य ठरवले गेल्यावाचून माणसाला 'स्पृश्य' म्हणण्याचे कोणाला सुचले असते काय? एकाला बाहेर काढले तेव्हाच दुसऱ्याला हे नाव मिळाले. 'गाव' या शब्दाचे तेच. 'गाव जमला', 'गावाने ठरवले' असे म्हणतात तेव्हा त्या गावात महारवाडा धरलेला नसतो. जमिनीच्या नकाशात तो गावात असतो, वाक्यात नसतो.

काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा निराळा अर्थ लागतो. २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला. हजारो माणसे पंचवटीत आली आणि मंदिराचे दरवाजे बंद झाले. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली. पुढे सुमारे पाच वर्षे लढा चालला आणि तो जागेवर चालवण्याचा मोठा भार गायकवाडांनी वाहिला. मूर्तिपूजेची हौस म्हणून हा लढा उभारलेला नव्हता, हे बाबासाहेबांनी १९३४ साली गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले आहे. माझ्या मते त्या दारात एका शब्दाची परीक्षा चालली होती. तो शब्द म्हणजे 'हिंदू'. शिरगणतीच्या वेळी अस्पृश्य हिंदू होते. १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला तो अस्पृश्य हे हिंदू समाजाचेच अंग आहेत या आग्रहापोटी. आणि त्याच वर्षी, त्याच महिन्यात नाशिकला देवळाच्या दारात ते हिंदू नव्हते. विट्‌गेन्‌स्टाइन याचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला सिद्धांत असा आहे की शब्दाचा अर्थ शब्दकोशात शोधू नये, तो कसा वापरला जातो ते पाहावे. सत्याग्रहींनी तत्त्वज्ञान वाचलेले नव्हते, पण त्यांनी नेमके तेच केले. मते मोजताना आत आणि देवळाशी बाहेर, असा या शब्दाचा वापर आहे, हे त्यांनी पाच वर्षे उन्हात उभे राहून सर्वांसमक्ष सिद्ध केले.

सिद्धतेनंतर निष्कर्ष यायचा तो नाशिक जिल्ह्यातच, येवल्याला आला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. हे वाक्य त्या दिवशी खरे नव्हते आणि खोटेही नव्हते. ते वचन होते. अनेकांनी ती धमकी समजली, काहींनी सौदा समजला. त्याची पूर्तता १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला झाली, एकवीस वर्षे आणि एक दिवसानंतर. मधल्या काळात ते वाक्य सांभाळले ते लाखो माणसांनी. अधिकाराचा उगम येथे बदललेला दिसतो. येवल्याच्या वाक्यामागे रिझर्व्ह बँक नव्हती, शास्त्र नव्हते, सरकार नव्हते. ऐकणाऱ्यांनी ते आपले मानले आणि त्यानुसार वागले, हाच त्याचा अधिकार. नागपूरला प्रतिज्ञा घेताना प्रत्येकाने 'मी' म्हटले. ज्यांच्याविषयी आजवर दुसरेच बोलत आले होते, त्यांनी प्रथमपुरुषी एकवचनात स्वतःचे वास्तव घडवले.

आता १९३८ च्या विधानसभेकडे परत येऊ. गायकवाडांच्या युक्तिवादातील विसंगती वरवरचीच आहे, हे आता दिसेल. 'हरिजन' या नावाने अस्पृश्याची स्थिती बदलत नाही, कारण ते नाव देताना जुनी नोट मागे घेतलेली नाही. फक्त तिचा रंग बदलला आहे. वगळणूक कायम ठेवून वगळलेल्याला गोड हाक मारली आहे. पण नाव देणे ही कृती मात्र निष्फळ नसते. एकाने ठेवायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, हा संबंध त्या कृतीने पक्का होतो. बाळाचे नाव वडीलधारे ठेवतात, बैलाचे नाव धनी ठेवतो. आपल्या भाषेत नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत एका मात्रेचे अंतर आहे, आणि अस्पृश्यांच्या बाबतीत दोन्ही कामे एकाच वर्गाने केली. गायकवाडांनी नाकारला तो हा संबंध. त्यांचा सभात्याग शब्दाच्या गोडव्याविरुद्ध नव्हता, शब्द देणाऱ्याच्या अधिकाराविरुद्ध होता. पुढे काय झाले? १९४७ साली मुंबई सरकारने मंदिरप्रवेशाचा कायदा केला त्याच्या शीर्षकातच 'हरिजन' शब्द बसला. जातीच्या दाखल्यांत हा शब्द वापरू नये, असे केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना कळवावे लागले ते १९८२ साली. विधानसभेत एका दुपारी मान्य करता आले असते ते मान्य व्हायला चव्वेचाळीस वर्षे लागली.

'दलित' या शब्दाचा प्रवास याच्या उलट आहे. तो आधी 'डिप्रेस्ड क्लासेस' या सरकारी संज्ञेच्या भाषांतरासारखा वापरला जाई. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि १९७३ च्या जाहीरनाम्याने या शब्दात भूमिहीन, कामगार, आदिवासी, स्त्रिया यांनाही घेतले. दळले गेलेले हा अर्थ तोच. पण 'आम्हाला दळले आहे' असे स्वतः म्हणताच दळणारा कोण, हा प्रश्न उभा राहतो. 'हरिजन' शब्दात दळणारा अदृश्य असतो. म्हणूनच २०१८ च्या ऑगस्टमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना हा शब्द टाळून 'अनुसूचित जाती' म्हणावे अशी सूचना केली, तेव्हा ती निव्वळ तांत्रिक बाब वाटत नाही. अनुसूची म्हणजे यादी. यादीत असलेल्याला यादीत कोणी आणि का घातले, हे विचारण्याची सोय त्या शब्दात नाही. बौद्ध झालेल्यांपैकी अनेकांना 'दलित' हा शब्द नको आहे, मागे ओढणारा वाटतो, हे मला ठाऊक आहे आणि त्यांचा तो अधिकार मी मानतो. वाद आपल्यातला आहे. तो मंत्रालयाने सोडवायचा नाही.

सरकारी कागदावरचा 'नवबौद्ध' हा शब्द मात्र कोणालाच विचारून आलेला नाही. १९५६ साली धम्म घेतला तो नवा, एवढे समजू शकते. आज विशीत असलेली, तिसऱ्या-चौथ्या पिढीतली मुलगी नवी कशी? जन्मल्यापासून बौद्ध असलेल्या माणसाच्या मागे 'नव' लावणे म्हणजे त्याचे मूळ विसरू न देणे. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळण्यासाठी कायद्यात दुरुस्ती व्हायला १९९० साल उजाडले. याच्याशेजारी 'जयभीम' ठेवून पाहावा. या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. जोहार हा वरच्याला घालायचा असे, आणि वरचा तो परत करीत नसे. जयभीमला जयभीम हेच उत्तर असते. दोन माणसांमधली उंची एका शब्दाने सारखी केली आणि त्याला कोणत्याही राजपत्राची गरज लागली नाही.

"जमिनीचे काय ते बोला" हे सुरुवातीचे आव्हान अजून शिल्लक आहे. शब्दासाठी सभात्याग करणाऱ्या गायकवाडांनीच १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. त्यांना या दोन गोष्टींत अंतर्विरोध दिसला नाही, कारण जमिनीचा प्रश्नही शब्दांतच अडकलेला असतो. पाटलाचे वतन आणि महाराचे वतन, शब्द एकच. एकात मान होता, दुसऱ्यात रात्रंदिवसाची वेठ. आणि १९५८ चा कायदा ही वतने रद्द करतानाही त्यांना 'कनिष्ठ' म्हणून गेला. पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसणारा भूमिहीन कागदावर 'अतिक्रमणधारक' असतो. हा शब्द जोवर त्याच्या नावापुढे आहे तोवर नांगर त्याचा असला तरी तो चोर आहे. तलाठ्याच्या नोंदीतला शब्द बदलणे आणि जमीन मिळणे या दोन गोष्टी नाहीत. ती एकच गोष्ट आहे.

शिक्षक मित्रांसाठी आणखी थोडे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली जे नियम केले त्यांना लेखनविषयक नियम म्हणतात. वर्गात मात्र आपण 'शुद्धलेखन'च म्हणतो. शुद्ध आणि अशुद्ध हे शब्द कोठून आले, हे सांगायला नको. मी शाळेत असताना 'पानी' लिहिले म्हणून गुरुजींनी वही वर्गाला दाखवली होती आणि 'घरचे वळण' असा शेरा मारला होता. माझी आई पाण्याला पानी म्हणे आणि ते पाणी ती दीड मैलावरून आणी. नियम नकोत असे मी म्हणत नाही. अर्ज प्रमाण मराठीत लिहिता आला नाही तर फटका आपल्याच मुलांना बसतो. पण चुकले त्याला चुकले म्हणावे. अशुद्ध म्हटले की वहीवरचा शेरा घरापर्यंत जातो. त्या मुलाच्या कानाला तो शब्द आधीपासून ओळखीचा असतो.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी नावे जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे यावीत, अशी योजना. 'हरिजन' प्रकरणापेक्षा ही गोष्ट निराळी आहे हे मान्य केले पाहिजे, कारण यातली नावे बहुतेक चळवळीच्या तोंडची आहेत. जुनी नोट मागे घेतली गेली की नाही, हे मात्र पाटीवरून कळत नाही. स्मशान एक झाले काय, पाण्याची टाकी कोणत्या बाजूला बांधली, पोळ्याला कोणाचा बैल आधी, हे पाहावे लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीने गेल्या वर्षी कसल्याशा दाखल्याचा अर्ज भरला. पत्त्यात तिने भीमनगर लिहिले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि विचारले, "भीमनगर म्हणजे? पूर्वीचं कोणतं?" ती म्हणाली, "पूर्वीचं नाही सर, आत्ताचं." त्याने पेन खाली ठेवले आणि तिच्याकडे न पाहता पुन्हा विचारले, "ते कळलं गं, पण लोक काय म्हणतात?" मागे रांगेत आठ-दहा माणसे होती. तिने मागे वळून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आम्ही भीमनगर म्हणतो."